ज्यांना सांगितलं ते कोण होते

माझ्या धाकट्या भावानं मला मारलं तेव्हा त्याच्या डोक्याला पट्टी होती आणि डाव्या हातात मोबाईल होता. मोबाईलवर मीच लिहिलेला मजकूर उघडा होता. मार्चमधली दुपार होती. मानोऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या घरी मी शाळेचे पेपर तपासत बसले होते, दार उघडंच होतं. तो चप्पल न काढता आत आला, मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "हे तू लिव्हलं?"

मी हो म्हणाले. त्यानं उजवा हात उचलला आणि माझ्या थोबाडीत दिली. चष्मा उडून पेपरांवर पडला. खालचा ओठ दातावर आपटून फुटला, तोंडात खारट लागलं. मी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तो चालायला लागेपर्यंत माझ्याच कडेवर होता. त्या दिवसापर्यंत त्यानं माझ्यासमोर आवाजसुद्धा चढवला नव्हता. मारल्यावर तो दोन पावलं मागं सरला, भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याच्या पट्टीतून रक्त पाझरून कानामागं उतरायला लागलं.

मी त्याला पाणी दिलं. त्यानं घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबालेही लागलं." आणि उठून निघून गेला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा तांड्याच्या कडेला आहे. दिवाळीनंतर निम्म्या पोरांचे आईबाप ऊस तोडायला जातात आणि पोरं आजीकडं नाहीतर शेजाऱ्याकडं राहतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना ब्लॉग कसा काढायचा ते शिकवलं होतं. बाकीच्यांनी तो तिथंच सोडला, मला मात्र नाद लागला. शाळेतल्या गोष्टी, एसटीतली भांडणं, आठवडी बाजार, आमच्या वस्तीतल्या बायकांच्या गप्पा असं मी महिन्यातून दोन-तीनदा लिहायची. वाचणारे सगळे लांबचे. पुण्याचे, नागपूरचे, काही तर परदेशातले. ते लिहायचे, तुमच्या लिखाणात मातीचा वास आहे. मला ते आवडायचं. स्टाफरूममध्ये डबा खाताना मी ते पुन्हा पुन्हा वाचायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी माझ्या बापाबद्दल लिहिलं. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी आईला रुमण्यानं मारलं होतं. रुमणं म्हणजे वखराचा लाकडी दांडा. आमचं दोन एकर वावर होतं आणि अवजारं घरातच मागच्या भिंतीला टेकलेली असत. मी लिहिलं की बाबा शाळेत शिपाई होते, शाळेतून आले, जेवायला बसले, ताट फेकलं आणि रुमणं घेतलं. आई कोपऱ्यात बसून रडत राहिली आणि तिचा हात मोडला. मी दाराच्या फटीतून पाहत होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाच माणूस पांढरा सदरा घालून विहारात वंदना घ्यायला गेला.

मी काळजी घेतली होती, असं मला तेव्हा वाटत होतं. कुणाचं नाव टाकलं नाही. गाव शिरपूरकडचं आहे असं लिहिलं, खरं म्हणजे ते तिकडं नाही. पण 'शाळेचा शिपाई' आणि 'विहारात वंदना' हे दोन शब्द मी काढले नाहीत. काढले असते तर लेख मऊ झाला असता. हे मला लिहिताना कळत होतं आणि मी ते ठेवले, हे इथं सांगणं भाग आहे.

एका गावात शाळेचा शिपाई एकच असतो. लेख दोन आठवड्यांत कुणाच्या तरी मोबाईलवरून आमच्या गावच्या ग्रुपवर पोचला. तिकडं शिरपूरच्या बाजूच्या एका निवृत्त शिपायाच्या घरातही तो पोचला होता, हे मला नंतर कळलं. त्याच्या मुलीच्या सासरी लोक विचारायला लागले, तुझ्या बापानं तुझ्या आईचा हात मोडला होता का. त्या बिचाऱ्यानं बायकोवर कधी हात उचलला की नाही हे मला माहीत नाही. माझा बाप लपवायला मी त्याला पुढं केला होता.

गावात काय झालं ते मी नंतर भावाकडून, आईकडून आणि चहावाल्याकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं. सकाळची वेळ होती. बसस्टॉपजवळच्या टपरीवर भजी तळणं चालू होतं. गावातला एक शेतकरी, चांगल्या जमिनीचा, माझ्या भावाच्याच वयाचा, शाळेत त्याच्याच वर्गात होता, तो तिथं बसून मोबाईलवरून माझा लेख मोठ्यानं वाचत होता. चार लोक ऐकत होते. तेवढ्यात भाऊ दूध घालून आला. वाचणारा थांबला नाही. शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "तोंडात पंचशील अन् हातात रुमणं. हे तुमच्याच पोरीनं लिव्हलं हाय, आमी नाही म्हणून राह्यलो."

भावानं दुधाची कॅन खाली ठेवली. मग तेलाच्या कढईतला लोखंडी झारा उचलला आणि त्या माणसाच्या मोबाईल धरलेल्या हातावर घातला. झारा तापलेला होता. बोटांची कातडी झाऱ्याला चिकटून आली आणि दोन बोटं मोडली. तो माणूस ओरडत खाली पडला. भावानं दुसऱ्यांदा झारा उचलला तेव्हा मागून कुणीतरी त्याच्या डोक्यात वीट घातली. तो कढईवर पडता पडता वाचला, बाकड्यावर आपटला. मग तीन-चार जण त्याला लाथांनी तुडवायला लागले.

बाबा विहाराच्या ओट्यावर होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण ते पळत आले आणि भावाच्या अंगावर आडवे पडले. दुसरी वीट त्यांच्या पाठीत बसली. खांद्याचं हाड हललं ते आजही पावसाळ्यात दुखतं. वस्तीतली माणसं काठ्या घेऊन येत होती, गावातलीही येत होती, आणि आणखी पाच मिनिटं गेली असती तर त्या दिवशी कुणीतरी मेलं असतं. चहावाल्यानं कढईतलं उकळतं तेल मधल्या रस्त्यावर ओतून दिलं. धुराचा लोट उठला, माणसं दोन्ही बाजूंनी मागं सरली. तेवढ्या वेळात पोलिसांना फोन गेला. दोन्हीकडून तक्रारी झाल्या. भावाच्या डोक्याला टाके पडले. टाके घालून तो सरळ माझ्याकडं आला होता.

रविवारी मी गावाला गेले. इंझोरीपर्यंत एसटीनं, तिथून ऑटोनं. ऑटोतल्या बायका माझ्या फुटलेल्या ओठाकडं बघत होत्या, पण कुणी विचारलं नाही. वस्तीत शिरल्यावर नेहमी हाका मारणाऱ्या बायका आत गेल्या. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "बाई, वस्तीची अब्रू वेशीवर टांगली तुवं."

बाबा ओसरीत खाटेवर पालथे पडून होते. पाठीला हळद लावलेली. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि परत तोंड फिरवलं. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बस. अन् काय लिव्हलं ते वाचून दाखव मले. सारा गाव वाचून राह्यला, मलेच माहीत नाही."

आईला वाचता येत नाही. लेख प्रसिद्ध होऊन महिना झाला होता, त्यावर शंभर माणसांनी काही ना काही लिहिलं होतं, आणि ज्या बाईच्या अंगावर ते रुमणं पडलं होतं तिला त्यातला एक शब्द माहीत नव्हता. मी मोबाईल काढला आणि वाचायला लागले. शाळेत धडा वाचते तशी वाचत होते. बाबा ओसरीत ऐकत होते, हे मला कळत होतं.

संपल्यावर आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मी कोपऱ्यात बसून रडली असं कोनं सांगतलं तुले?"

मी म्हणाले, मी पाहिलं होतं.

"तू दारामांगं होती. डोये मिटले होते तुवं. मी रडली नोती. मी त्याचा मनगट धरला अन् चावली. हाडापर्यंत. सोडलाच नाही. म्हणून तं त्याच्या हातातून रुमणं पडलं."

बाबांच्या डाव्या मनगटावर एक अर्धगोल खूण आहे. त्यावर ते घड्याळ बांधतात. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा त्यांनी बैलानं लाथ मारली असं सांगितलं होतं.

आईनं पुढचं सांगितलं. हात त्या दिवशी मोडलाच नव्हता. तो दुसऱ्या वर्षी मोडला, विहिरीवर, तेव्हा बाबांनी तिला ढकललं होतं. मी दोन वर्षांचे दोन मार एका संध्याकाळीत बसवले होते. मुद्दाम नाही, पण लिहिताना मला तारीख आठवत नव्हती आणि एकत्र केल्यावर ते जास्त परिणामकारक वाटलं, तेव्हा मी आठवायचं सोडून दिलं. ताटही फेकलेलं नव्हतं. ते मी कुठून आणलं हे मला आजही सांगता येत नाही.

मग आईनं माझा उजवा हात ओढला आणि बाही वर केली. कोपराच्या खाली माझ्या हातावर चार बोटं लांबीचा डाग आहे. मी सगळ्यांना चुलीवर पडले असं सांगते.

"हे काहून नाही लिव्हलं?"

मी बाही खाली ओढली. त्या माराच्या दुसऱ्या दिवशी मी आईला म्हणाले होते की तू मामाच्या गावी का निघून जात नाहीस. ती भाकरी भाजत होती. तिनं तव्यावरचा तापलेला सराटा, म्हणजे लोखंडी उलथणं, माझ्या हातावर दाबला. किती वेळ दाबला होता ते मला माहीत नाही, पण कातडी जळाल्याचा वास मला अजून येतो. नंतर तिनंच त्यावर तूप लावलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

"मी बी मारलं," आई म्हणाली. "त्याचं रुमणं लिव्हलं, माहा सराटा लपवला. मले चांगली केली अन् रडकी केली. मी दोन्ही नोती."

तेव्हा ओसरीतून बाबा बोलले. त्यांचा आवाज गादीत दबलेला होता. "कवा सोडलं ते लिव्हलं का?"

मी म्हणाले, मला माहीत नाही तुम्ही कधी सोडलं.

आईनंच सांगितलं. मी सातवीनंतर वाशीमला हॉस्टेलवर गेले, त्या वर्षीची गोष्ट. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथाचं वाचन चालू होतं. वाचन संपल्यावर बाबा पाणी वाटत होते आणि आई उठून उभी राहिली. सगळ्या वस्तीसमोर तिनं पदर खांद्यावरून सरकवून पाठ दाखवली आणि सांगितलं की हा माणूस इथं पाणी वाटतो आणि घरी हे करतो. वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस उठला, बाबांजवळ गेला आणि त्यांच्या दोन थोबाडीत दिल्या. बाबांच्या हातातला जग पडला. म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं की परत हात उचलला तर या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. बाबा सहा महिने विहारात गेले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी आईला मारलं नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. सगळ्या वस्तीला पंचवीस वर्षं ठाऊक असलेली गोष्ट मी उघड केली म्हणून शंभर लोक मला धाडसी म्हणत होते.

आई म्हणाली, "मले जिथं सांगाचं होतं तिथं मी सांगतलं. ज्यायनं काही केलं असतं त्यायलेच सांगतलं. तू ज्यायले सांगतलं ते कोण होते?"

मी विचारलं, हे काढून टाकू का. ती म्हणाली, काढायचं की ठेवायचं ते नंतर पाहू, आधी जे चुकलं ते बरोबर कर. मग तिनं मला भाकरी वाढली. मी खात असताना तिनं सहज विचारलं, "तू शाळेत पोरायले मारतं का?"

मी म्हणाले, नाही, आता कायद्यानं बंदी आहे. ती माझ्याकडं पाहत राहिली. मग उठून भांडी घासायला गेली.

मी खोटं बोलले होते. परतीच्या ऑटोत मला ती मुलगी आठवायला लागली. तिसरीतली. मी तिच्याबद्दलही लिहिलं होतं, एक वर्ष आधी. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलगी, आजीजवळ राहते, अक्षरं येत नव्हती, आता निंबाखाली बसून वाचते. सोबत तिचा फोटो होता, खांद्यावर फाटलेला फ्रॉक, हातात पुस्तक. तो माझ्या ब्लॉगवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. लोकांनी लिहिलं होतं की तुमच्यासारख्या शिक्षिका आहेत म्हणून आशा आहे.

त्या लेखात नव्हतं ते असं. फोटो काढण्याच्या महिनाभर आधी मी वर्गात तिला तीनदा हाक मारली होती. तिनं वर पाहिलं नाही. घरून भांडून आले होते, पटसंख्येचा तक्ता त्याच दिवशी द्यायचा होता, बाकीची पोरं हसत होती. मी तिच्याजवळ गेले आणि उघड्या हातानं तिच्या डाव्या कानशिलात मारलं. ती बाकावरून खाली पडली. बाकाची कड कपाळाला लागली. मी तिला उठवलं नाही, आधी फळ्याकडं परत गेले. मागं वळून पाहिलं तेव्हा ती कानावर हात धरून बसली होती आणि तिच्या बोटांवर थोडंसं रक्त होतं. मी ते रुमालानं पुसलं आणि तिला दोन दिवस माझ्या डब्यातली पोळी दिली. त्यानंतर मी तिला वाचायला शिकवण्यात फार मन घातलं. का घातलं हे लेखात कुठंही नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी तिचे आईबाप परत आले. मी शाळा सुटल्यावर तांड्यावर गेले. तिची आई घरासमोर गोधड्या वाळत घालत होती. मी मोबाईलवरचा फोटो तिला दाखवला आणि सांगितलं की हा मी सगळ्या जगाला दाखवला आहे, तुम्हाला न विचारता. तिनं फोटो जवळ धरून पाहिला. ती रागावली नाही. म्हणाली, "मॅडम, पेटीत नवा फ्राक होता तिचा. सांगतलं असतं तं आजीनं घालून देल्ला असता. फाटका कायले काढला?"

मी म्हणाले, अजून एक सांगायचं आहे. आणि सांगितलं. कुठल्या दिवशी, कशासाठी, कोणत्या कानावर, सगळं. मुलगी तिथंच उभी होती, मातीत काडीनं काहीतरी काढत होती. तिची आई गोधडी हातात धरून ऐकत राहिली. मग तिनं मुलीला जवळ ओढलं, तिचं डोकं उजेडाकडं वळवलं आणि कानात पाहिलं, जणू रक्त अजून तिथं असेल.

"मागल्या साली मी आली तवापासून हाक मारली तं इकडचा कान करते," ती म्हणाली. "मले वाटलं सर्दीनं झालं." मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आमी हिले संग नेलं नाही, कायले? फडावर कोणी बी मारते. मॅडमजवळ राहील म्हणलं."

भावाच्या थोबाडीनं मला जे वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं. मी तिथं मातीत बसले. तिनं मला बसू दिलं आणि उरलेल्या गोधड्या वाळत घातल्या.

त्याच आठवड्यात मी दोघींना वाशीमला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की डाव्या कानाला कमी ऐकू येतं, पडद्यावर जुनी जखम भरल्याची खूण आहे. मी विचारलं की हे मारामुळं झालं का. डॉक्टर म्हणाले की असू शकेल, किंवा कान आधीपासून वाहत असेल आणि ऐकू येत नसेल. नक्की सांगता येणार नाही. म्हणजे मी तीनदा मारलेली हाक तिला ऐकूच आली नसण्याचीही शक्यता होती. औषध चालू झालं. वर्षभरात थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

मी हे ब्लॉगवर लिहिलं नाही. आधी शिक्षण विभागाच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, जे घडलं ते घडलं तसं. चौकशी झाली. वर्गातल्या मुलांना विचारलं गेलं, तिच्या आईला विचारलं गेलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि दुसऱ्या शाळेत पाठवण्यात आलं. काही सहकारी म्हणाले की कुणी तक्रार केलेली नसताना स्वतःहून कशाला गेलीस. पण ज्यांना विचारण्याचा हक्क होता त्यांच्या आधी परक्यांना सांगून मोठेपणा घेण्याची माझी सवय मला तोवर पुरती कळली होती. कबुलीलाही लोक वाहवा देतात, आणि ती वाहवा मला पुन्हा गोड लागली असती.

मुलीचा फोटो मी ब्लॉगवरून काढून टाकला आणि तो लेखही. नुसता काढला नाही, तिथं दोन ओळी ठेवल्या की हा लेख अपुरा होता आणि परवानगीशिवाय होता. शिरपूरकडच्या त्या शिपायाचा शोध घेऊन त्याला भेटले. त्यानं चहा दिला, पण त्याची बायको बाहेर आली नाही.

रुमण्याचा लेख मात्र आईनं काढू दिला नाही. दर रविवारी मी एकेक भाग दुरुस्त करून न्यायची आणि वाचून दाखवायची. ती ऐकताना डोळे मिटून बसायची आणि चुकलं की हात वर करायची. चावा आला, सराटा आला, विहीर वेगळी झाली, विहारातला दिवस आला. बाबांना मी विचारलं की तुम्हाला चालेल का. ते म्हणाले, "तिचं हाय. तिले इचार." पण एक वाक्य त्यांनी बदलायला लावलं. मी लिहिलं होतं की म्हाताऱ्यानं मारल्यावर त्यांना पश्चात्ताप झाला. ते म्हणाले, पश्चात्ताप नाही, तेव्हा नुसती भीती वाटली होती, पश्चात्ताप लई वर्षांनी झाला. मी तसंच लिहिलं.

आता मी कमी लिहिते. एखादं माणूस लिखाणात आलं की ते छापण्याआधी त्याला वाचून दाखवते. खुणा बदलायच्या तर पुऱ्या बदलते, आणि बदलल्या आहेत एवढं वाचणाऱ्याला सांगते. मूल असेल तर त्याच्या आईलाही विचारते आणि मुलालाही. यामुळं पुष्कळ लेख पडून राहतात. एकदा एक बाई नाही म्हणाली आणि मला माहीत आहे की तो माझा सगळ्यात चांगला लेख होता. हा मजकूरही मी सगळ्यांना वाचून दाखवला आहे. तांड्यावरच्या त्या दोघींनी हो म्हटलं, पण त्यांच्याबद्दलचे काही तपशील मी बदलले आहेत. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "लिव्ह. मी तुले मारलं तेही लिव्ह. सगळ्यायचं लिव्हतं तं."

केस अजून मानोऱ्याच्या कोर्टात चालू आहे. तारखेला भाऊ येतो आणि मी रजा टाकून त्याच्याबरोबर जाते. आम्ही फार बोलत नाही. व्हरांड्यात एकच बाकडं आहे, त्यामुळं ज्याचा हात भाजला होता तोही तिथंच बसतो. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत, तो चहाचा ग्लास डाव्या हातानं धरतो. भाऊ त्याच्याकडं पाहत नाही. मला पाहावं लागतं, कारण मी मध्ये बसते.

गेल्या उन्हाळ्यातल्या तारखेला भाऊ वकिलाकडं गेला होता तेव्हा तो माणूस माझ्याकडं वळला आणि हळूच विचारलं, "मॅडम, माहं नाव तं नाही ना टाकलं कुठी?"

मी म्हणाले, नाही.

"टाकू नका. बहिणीची सोयरीक पाहून राह्यलो."

मी त्याला सांगितलं की तुमच्याबद्दल लिहीन तर आधी तुम्हाला ऐकवीन. त्याला ते खरं वाटलं नसावं. पुढच्या तारखेला मी टपरीवरचा भाग कागदावर घेऊन गेले आणि त्याच बाकड्यावर बसून त्याला वाचून दाखवला. झारा, कातडी, बोटं, पंचशीलाचं ते वाक्य. भाऊ पलीकडं उभा राहून ऐकत होता. त्या माणसानं शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यानं एक गोष्ट काढायला सांगितली. मी तिथंच पेन काढून ती खोडली आणि त्याला कागद दाखवला.